बांधाबांध

कोणत्याही घरात स्वयंपाकाची स्तुती होते. डबा भरण्याची होत नाही. लाडू कसे वळले आहेत हे खाणारा प्रत्येक जण सांगतो. पण ते लाडू न फुटता नागपूरला पोचले, चकल्या मऊ पडल्या नाहीत आणि लोणच्याचा वास अनारशांना लागला नाही, याचे श्रेय कुणाला तरी द्यावे असे त्याच्या मनातही येत नाही. मराठी शिकवणे हा माझा पोटाचा धंदा असल्यामुळे या अन्यायाचे मूळ मला भाषेत दिसते. आवराआवर, पुसापुशी, झाडलोट, धुवाधुव, बांधाबांध! ज्या कामांना मराठीने असे जोडशब्द बहाल केले, त्यांना प्रतिष्ठा मात्र दिली नाही. 'लेखन', 'गायन', 'पाककला' हे शब्द कसे शालजोडी पांघरून व्यासपीठावर बसल्यासारखे वाटतात. 'बांधाबांध' म्हटले की पदर खोचून, सुतळीचे टोक दातांत धरून घाईघाईने वावरणारे माणूसच डोळ्यांपुढे येते.

या शब्दाबद्दल मला खरी आस्था वाटू लागली ती डोंबिवलीस, माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी. मी राहतो ठाण्याला. गेल्या वर्षी नवरात्र उलटल्यावर एका रविवारी तिच्याकडे गेलो, तर बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. ताईची मुलगी अमेरिकेत असते आणि धाकटे दीर ऑस्ट्रेलियात. फराळ एकाच कढईतला. पण खोकी दोन आणि त्यांच्या बांधणीच्या तऱ्हाही दोन.

"अमेरिकेच्या खोक्यात बेसनाचे लाडू घातलेत," ताई म्हणाली, "पण ऑस्ट्रेलियाचं नाव काढलं की कुरियरवाला दुधातुपाची चौकशी करतो. तिकडे आपली चकली आणि चिवडाच बरा. शिवाय आत काय काय आहे त्याची यादी इंग्रजीत हवी. आता 'अनारसा' इंग्रजीत कसा लिहू, सांग बघू!"

मराठीचा प्राध्यापक अशा प्रसंगी फारसा उपयोगी पडत नाही. मी विषय बदलण्यासाठी भाच्याकडे वळलो. तो कोपऱ्यात मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. "नुसता बसलायस काय? आईला जरा हात लाव," असे मामाच्या अधिकाराने म्हटल्यावर तो मान वर न करता म्हणाला, "मीही तेच करतोय, मामा. आईची दोन खोकी आहेत. माझी पाच आहेत."

हा मुलगा आठवड्याचे पाच दिवस ऐरोलीला एका कंपनीत नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात तीन मित्रांबरोबर एक फुकटचा उद्योग करतो. फुकटचा म्हणजे, त्यांनी केलेली वस्तू कोणीही न्यावी, वापरावी, उघडून आतली रचना पाहावी, हवी तर बदलावी आणि पुढे द्यावी. याला ते 'मुक्त स्रोत' म्हणतात. त्यांची वस्तू लहानशी आहे. जुन्या पद्धतीच्या फॉन्टात टाइप केलेला मराठी मजकूर ती आजच्या युनिकोडात आणून देते.

ज्यांना या वस्तूची गरज कधी पडली नाही ते भाग्यवान. पूर्वीच्या फॉन्टांची गंमत अशी होती की संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरेच साठवलेली असत आणि त्यांच्यावर फक्त मराठी मुखवटे चढवलेले असत. ज्या यंत्रावर तो मुखवटा नाही, तिथे मजकूर उघडला की आतली इंग्रजी अक्षरे दात विचकून बाहेर पडत. एका महाविद्यालयात परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी संतवाङ्मयाची प्रश्नपत्रिका अशी उघडलेली मी स्वतः पाहिली आहे. ज्ञानेश्वरीवरच्या प्रश्नाच्या जागी कंस, टक्के, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हे यांचा असा काही काला झाला होता की परीक्षार्थींना पूर्ण गुण देऊन घरी पाठवावे असे वाटले. अक्षरांना जगभर एकच कायमचा क्रमांक देणाऱ्या युनिकोडाने हा गोंधळ पुष्कळ निवारला. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची. पण त्याआधीचा आणि त्यानंतरही सवयीने जुन्याच फॉन्टांत टाइप होत राहिलेला मजकूर मराठीत ढिगांनी पडून आहे. प्रबंध आहेत, स्मरणिका आहेत, छोट्या प्रकाशकांची पुस्तके आहेत. भाच्याची वस्तू त्या ढिगासाठी.

"मग झाली ना तयार? देऊन टाका लोकांना," मी म्हणालो.

तो हसला. "मामा, ती लिहायला आम्हाला दोन महिने लागले. लोकांच्या घरी पोचवायला त्याहून जास्त."

त्याने सांगितलेली हकिगत माझ्यासारख्याला समजली तशी देतो. संगणकांचे कारभार निरनिराळ्या व्यवस्थांवर चालतात. बहुतेक घरांत विंडोज, काहींकडे मॅक, आणि जाणत्या मंडळींकडे लिनक्स. लिनक्सची पुन्हा घराणी. डेबियन घराण्याला वस्तू 'डेब' नावाच्या पुडीत लागते. रेड हॅट आणि फेडोरा यांच्या घराण्याला 'आरपीएम' नावाच्या. विंडोजला आपोआप बसणारा संच हवा, मॅकला वेगळाच डबा. पुडीवर नाव, आवृत्ती, ही वस्तू चालायला आणखी कोणत्या वस्तू घरात असाव्या लागतील त्यांची यादी, परवाना आणि कुठे काय ठेवायचे याच्या सूचना, हे सगळे त्या त्या घरच्या रिवाजाप्रमाणे लिहावे लागते. नुसता एक फॉन्ट घ्या. विंडोजमध्ये त्याची फडताळातली जागा एक, मॅकमध्ये दुसरी, लिनक्समध्ये तिसरी. मॅकच्या लोकांना नीट विश्वासाने उघडता येईल असा डबा द्यायचा तर अ‍ॅपल कंपनीला वर्षाला ९९ डॉलर भरून आपली नोंद करावी लागते. म्हणजे फुकट वाटायच्या तिळगुळावर जकात!

आणि रिवाज तरी किती जुने! ओळ संपली हे यंत्राला कसे कळवायचे, यावरही यांचे एकमत नाही. टंकयंत्रावर ओळ संपली की गाडा ढकलून सुरुवातीला आणायचा आणि कागद एक ओळ वर सरकवायचा, अशी दोन कामे असत. तारयंत्रांनी त्या दोन कामांना दोन वेगवेगळ्या खुणा दिल्या. विंडोज आजही दोन्ही खुणा पाळते. लिनक्सचे घराणे कागद सरकवण्याच्या एकीवरच भागवते. गाडा गेला, कागद गेला, तारही गेली. पण सोवळे कायम आहे. आमच्या कोकणातल्या घरी विहीर बुजवल्यावरही तिच्या जागेला वळसा घालूनच चालत, त्याची मला आठवण झाली.

पहिले वर्षभर ही पाच खोकी भाचा हातांनी बांधी. वस्तूत एक काना-मात्रा बदलला, एक जोडाक्षर दुरुस्त केले, की पुन्हा पाचही खोकी पहिल्यापासून. दोन शनिवार त्यात जात. एकदा घाईत डेबियनच्या खोक्यात आदल्या महिन्याची वस्तू बांधली गेली आणि मराठवाड्यातल्या एका ग्रंथपालांचे अतिशय सौम्य शब्दांतले पत्र आले. सौम्य पत्रांनी माणसाला जास्त लागते. मग या चौघांनी ठरवले की बांधाबांध यंत्रावर सोपवायची.

"म्हणजे नेमकं काय केलंत?" मी विचारले.

उत्तर ताईनेच दिले. तिने समोरचा सोऱ्या उचलून दाखवला. "हे केलं असेल. यंत्र एकच, चांदणीची चकती घातली की चकली, बारीक भोकांची घातली की शेव."

भाच्याने मान्य केले की आजवर कुणी यापेक्षा चांगले सांगितलेले नाही. फरक इतकाच, की ताईला शेवेसाठी पीठही वेगळे भिजवावे लागते. यांचे पीठ एकच असते. प्रत्येक घराण्याची पुडी कशी बांधायची याची कृती एकदाच नीट लिहून ठेवायची. मग मूळ वस्तूत बदल करून 'नवी आवृत्ती' अशी खूण केली, की कुठे तरी दूरवर असलेले संगणक जागे होतात, एकजण विंडोजचे खोके बांधतो, एकजण मॅकचे, एकजण डेबचे, एकजण आरपीएमचे. ठरवून दिलेल्या चाचण्या घेतात आणि चहा होईपर्यंत पाचही खोकी रांगेत मांडून ठेवतात. सुझे या जर्मन कंपनीने तर एकाच मुळापासून अनेक घराण्यांच्या पुड्या बांधून देणारा कारखानाच सर्वांसाठी उघडून ठेवला आहे. शिवाय फ्लॅटपॅकसारखी एक नवी तऱ्हा निघाली आहे. तीत वस्तूबरोबर तिला लागणारे बरेचसे सामानही बांधून देतात. म्हणजे पाहुण्याकडे जाताना शिधा, स्टोव्ह आणि पातेले बरोबर नेण्यासारखे. सोय होते, ओझे वाढते.

हे ऐकल्यावर मी थोडा शोध घेतला, आणि मला जे कळले त्याने मी ओशाळलो नाही, पण गप्प झालो. आपल्या संगणकावर मराठी अक्षर उमटते ते आकाशातून पडल्यासारखे आपण वापरतो. त्यामागे कुणाची तरी बांधाबांध आहे. 'लोहित' नावाच्या फॉन्टांचे उदाहरण घ्या. लोहित म्हणजे तांबडा. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले हे भारतीय लिपींचे फॉन्ट रेड हॅट या अमेरिकन कंपनीने २००४ साली मुक्त परवान्याखाली सर्वांना खुले केले. २०११ मध्ये त्यांना फॉन्टांसाठीचा खास मुक्त परवानाही मिळाला. रेड हॅटच्याच पुण्यातल्या कचेरीतल्या मंडळींनी ते वर्षानुवर्षे सांभाळले. त्यात मराठीसाठी वेगळा लोहित होता. वेगळा का, हे ज्यांनी हिंदी वळणाचा 'ल' आणि 'श' मराठी मजकुरात खडा लागावा तसा अनुभवला आहे त्यांना सांगायला नको. मग हा फॉन्ट घरोघर जायचा तर प्रत्येक घराण्याच्या पुडीत बांधायला हवा. फेडोराने त्याचे नाव ठेवले 'लोहित-मराठी-फॉन्ट्स'. डेबियनने ठेवले 'फॉन्ट्स-लोहित-देवा-मराठी'. मुलगी तीच, माहेरी एक नाव, सासरी तांदळात लिहिलेले दुसरे.

आणि आपले ते पापणीसारखे 'ऱ्'! 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' यांत मांडवातला केवढा फरक आहे! पहिल्यात मंगलाष्टके होतील, दुसऱ्यात जिलबी. मराठीखेरीज फार थोड्या ठिकाणी लागणारे हे चिन्ह. युनिकोडात ते आणायचे तर नुक्ता दिलेल्या 'ऱ' चा पाय मोडावा लागतो; आणि फॉन्ट जाणता नसेल तर ते उमटतच नाही. सोऱ्या, दऱ्या, किनाऱ्यावर, ठाण्याच्या कोपऱ्यावर, हे सगळे शब्द नीट उमटतात ते कुणी तरी या एका पापणीसाठी जागरण केले म्हणून.

डेबियनची गोष्ट तर कादंबरीसारखी. १९९३ सालच्या ऑगस्टमध्ये इयन मर्डॉक नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने हे काम आरंभले आणि आपल्या मैत्रिणीचे 'डेब्रा' आणि स्वतःचे 'इयन' जोडून त्याला नाव दिले. जून २०२३ मध्ये आलेल्या त्याच्या बाराव्या आवृत्तीत ६४,००० हून अधिक पुड्या होत्या, आणि ती नऊ जातींच्या यंत्रांसाठी तयार झाली. नऊ जातींसाठी वेगवेगळे बांधण्याचे काम अर्थातच यंत्रे करतात. माणसाने केले असते तर तो आठव्या जातीला पोचेपर्यंत पहिली आवृत्ती शिळी झाली असती. पण प्रत्येक पुडीवर तिच्या सांभाळकर्त्याचे नाव असते, आणि पुडी भांडारात ठेवताना त्याची सही लागते. ही सही म्हणजे संगणकी गुप्त किल्ली. ती खरी कुणाची हे ठरवायला सभासद एकमेकांना समक्ष भेटतात, ओळखपत्र दाखवतात, किल्लीचे आकडे पडताळून पाहतात आणि मग एकमेकांची हमी देतात. एवढ्या अद्ययावत व्यवहाराच्या तळाशी शेवटी आपली जुनी 'ओळखीचा माणूस आहे का?' हीच चौकशी असावी, याचे मला फार समाधान वाटले.

ही चौकशी किती गरजेची आहे ते २०२४ साली कळले. 'एक्सझेड' नावाचे एक मुक्त साधन आहे. मजकूर चेपून लहान करणे हे त्याचे काम. म्हणजे तेही बांधाबांधीतलेच. लिनक्सच्या जवळजवळ प्रत्येक घरात ते असते. फिनलंडमधला एक गृहस्थ ते वर्षानुवर्षे बिनपगारी सांभाळत होता आणि थकला होता. 'जिया तान' या नावाने कुणी एक मदतनीस पुढे आला. दोन वर्षांहून अधिक काळ त्याने इमानेइतबारे कामे केली, विश्वास कमावला, घरच्या किल्ल्या मिळवल्या. आणि मग नव्या आवृत्तीच्या गाठोड्यात चोरदरवाजा शिवून टाकला. चलाखी अशी की हा दरवाजा सर्वांना दिसणाऱ्या मुळात पुरता नव्हताच. पुडी बांधताना जे गाठोडे वापरतात त्यातच तो पूर्ण होता, आणि यंत्र डेब किंवा आरपीएमची पुडी बांधत आहे असे दिसले तरच तो जागा होई. यंत्रांनी बिनतक्रार पुड्या बांधल्या. यंत्रे तक्रार करीत नाहीत, हाच तर त्यांचा गुण!

पकडले ते एका माणसाने. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या दुसऱ्याच साधनावर काम करणारे अभियंते. दूरच्या संगणकात शिरताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, एवढेच त्यांना खटकले. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, चालायचेच. त्यांनी धागा ओढत नेला, आणि २९ मार्च २०२४ रोजी सारे उघड केले. दूषित पुड्या तोवर मुख्यतः चाचणीच्या आवृत्त्यांपर्यंतच पोचल्या होत्या. बहुतेक जग वाचले. जिया तान कोण हे आजतागायत जगापुढे आलेले नाही.

ही बातमी आली त्या आठवड्यात भाच्याला झोप लागली नाही असे ताई सांगते. त्याच्या लहानशा वस्तूवर कुणी का नजर ठेवावी? पण प्रश्न वस्तूच्या आकाराचा नव्हता. 'मी बांधले आहे, निर्धास्त घ्या' असे ज्याने अनोळखी माणसाला सांगितले, त्याच्या शब्दाचा होता. या क्षेत्रातल्या जाणत्यांनी त्यावर एक उपाय फार आधी, २०१३ पासून, डेबियनमध्ये चालवला आहे. एकाच मुळावरून दोन निरनिराळ्या माणसांनी, निरनिराळ्या ठिकाणी पुडी बांधली तर ती अक्षरन्‌अक्षर सारखी निघाली पाहिजे. निघाली तर मध्ये कुणी हात घातला नाही. एका टिंबाचाही फरक पडला तर विचारणा करायची. ऐकायला सोपे, पण पुडीत बांधण्याची तारीख-वेळ जरी शिरली तरी दोन पुड्या वेगळ्या होतात. ठाण्याच्या आणि कल्याणच्या दोन सुगरणींनी एका कृतीवरून केलेल्या चकल्यांचे काटे मोजून सारखे भरावेत, अशी ही अपेक्षा. आणि पुष्कळ पुड्यांच्या बाबतीत ती पुरी होत आहे.

भाच्याच्या घरीही आता तसाच नियम आहे. खोकी यंत्र बांधते; दुसऱ्या मित्राकडचे यंत्र तीच खोकी पुन्हा बांधून ताडून पाहते. मग प्रत्येक खोके त्या त्या जातीच्या खऱ्याखुऱ्या संगणकावर उघडून 'आचाऱ्यांना' हा शब्द उमटवून पाहतात. ते झाले की शेवटची सही चौघांपैकी एकजण स्वतः करतो. ती यंत्राला दिलेली नाही.

"तीही देता आली असती की," मी म्हणालो.

"देता येते," तो म्हणाला. "पण मग ग्रंथपालांना उत्तर कोण देणार?"

आमच्या भागाला हा व्यवहार अनोळखी नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. या दीडशे वर्षांत तिथे पुस्तके लिहिणारे येऊन गेले, त्यांचे सत्कार झाले. ठाण्यात २०१० साली आणि डोंबिवलीत २०१७ साली साहित्य संमेलने भरली, भाषणे झाली. पण फाटलेल्या पुस्तकाला पुठ्ठा कुणी चढवला, पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी कुणी डकवली, पावसाळ्यात कपाटे कुणी कोरडी केली, हे कोणत्याही अध्यक्षीय भाषणात आलेले माझ्या ऐकिवात नाही. तरी ती पुस्तके आज आमच्या हातात येतात ती त्यांच्यामुळेच. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आम्ही मराठीच्या प्राध्यापकांनी पेढे वाटले. वाटावेतच. पण भाषा जगते ती दर्ज्यावर थोडी आणि पोचण्यावर फार. प्रत्येक नव्या यंत्रात, प्रत्येक घराण्याच्या रिवाजाप्रमाणे, ती पुन्हापुन्हा बांधून द्यावी लागते. आणि यंत्र बदलले की पुन्हा पहिल्यापासून.

यातले कंटाळवाणे काम यंत्राने करावे, जरूर करावे. सोऱ्या आला म्हणून कुठल्या सुगरणीचा मान गेला नाही. तिची बोटे वाचली आणि नजर चव पाहायला मोकळी झाली. फक्त यंत्र बांधते म्हणून बघणारे कुणी नको, असे ज्या दिवशी आपण ठरवू, त्या दिवशी डब्यात काय निघेल याचा भरवसा नाही.

मराठीने या कामाला प्रतिष्ठा दिली नाही, असे मी सुरुवातीला म्हटले. पण शब्दकोश जरा शांतपणे पाहिला तर तिने दुसरीकडून भरपाई केलेली दिसते. आपण घर करीत नाही, घर बांधतो. पूल बांधतो, धरण बांधतो, राखी बांधतो, पदराला गाठ बांधतो. जे टिकावे अशी मनापासून इच्छा असते, त्या सगळ्यासाठी मराठीजवळ हेच एक क्रियापद आहे.